शुब्निकोव्ह : नावाने उरलेला शास्त्रज्ञ

भौतिकशास्त्राच्या जगात काही नावे अशी असतात, की ती प्रयोगशाळांमधून रोज उच्चारली जातात. परंतु त्या नावामागचा माणूस कोण होता, त्याचे पुढे काय झाले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लेव्ह वासिलिएविच शुब्निकोव्ह हे अशांपैकी एक नाव. अतिशीत तापमानात आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रात पदार्थांचा विद्युतरोध मोजणारी प्रयोगशाळा प्रिन्स्टनची असो, बीजिंगची असो वा आपल्या मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेची असो, तेथे 'शुब्निकोव्ह-द हास आंदोलने' हा शब्दप्रयोग कानी पडल्यावाचून राहत नाही. टोपोलॉजिकल अर्धधातू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थांनी २०१४ पासून भौतिकशास्त्रज्ञांना अक्षरशः वेड लावले. त्या पदार्थांची ओळख पटवण्याचे एक मुख्य साधन म्हणजे हीच आंदोलने. ज्याने ती प्रथम पाहिली, त्या शास्त्रज्ञाला मात्र वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी त्याच्याच देशाच्या सरकारने गोळी घातली आणि पुढे कित्येक दशके त्याच्या मृत्यूची तारीखदेखील खोटी सांगितली.

शुब्निकोव्ह यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. १९१८ मध्ये, म्हणजे रशियन क्रांतीला वर्षही झालेले नसताना, ते विद्यापीठात दाखल झाले. यादवी युद्ध, उपासमार आणि थंडी यांनी शहर पोखरून निघाले होते. प्राध्यापक देश सोडून जात होते आणि प्रयोगशाळांमध्ये सरपणाचीही वानवा होती. १९२१ मध्ये एक विलक्षण घटना घडली. फिनलंडच्या आखातात शिडाच्या नौकेतून फेरफटका मारण्यासाठी गेलेले शुब्निकोव्ह सरहद्द ओलांडून फिनलंडच्या किनाऱ्याला लागले. तेथून ते जर्मनीत पोहोचले आणि काही काळ तेथे काढून मायदेशी परतले. शिक्षण पुरे करण्यासाठी त्यांनी पॉलिटेक्निक संस्थेत प्रवेश घेतला आणि १९२६ मध्ये ते पदवीधर झाले. याच काळात अब्राम योफे यांच्या सुप्रसिद्ध भौतिकी-तांत्रिकी संस्थेत इव्हान ओब्रेइमोव्ह यांच्या हाताखाली त्यांनी एक कसब आत्मसात केले. ते म्हणजे वितळलेल्या पदार्थापासून मोठे, निर्दोष एकस्फटिक वाढवण्याचे. ओब्रेइमोव्ह आणि शुब्निकोव्ह यांनी मिळून १९२४ मध्ये मांडलेली ती पद्धत आजही त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते.

या कसबानेच त्यांना हॉलंडमधील लायडेन येथे नेले. लायडेनची प्रयोगशाळा ही त्या काळी जगातील सर्वांत थंड जागा मानली जाई. हाइके कामरलिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये तेथे हेलियमचे द्रवरूप मिळवले होते आणि १९११ मध्ये अतिसंवाहकतेचा शोधही तेथेच लावला होता. ओनेस यांचे १९२६ च्या प्रारंभी निधन झाले. त्यांच्या जागी आलेल्या वांडर द हास यांना बिस्मथ या धातूचे उत्तम स्फटिक हवे होते. चुंबकीय क्षेत्रात बिस्मथचा विद्युतरोध अन्य धातूंच्या तुलनेत कैक पटींनी वाढतो, हे तोवर ज्ञात होते. पण या वाढीचा नियम कोणता, याचा उलगडा होत नव्हता. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये प्योत्र कापित्सा हे शुब्निकोव्ह यांचे देशबांधव क्षणार्धापुरते टिकणारे प्रचंड चुंबकीय क्षेत्र निर्माण करीत होते. अशा क्षेत्रात रोध क्षेत्राच्या सरळ प्रमाणात वाढत जातो, असे त्यांनी १९२८ मध्ये दाखवून दिले.

शुब्निकोव्ह यांनी वेगळा मार्ग धरला. क्षेत्राचे बळ वाढवण्यापेक्षा पदार्थाची शुद्धता वाढवण्याकडे त्यांनी लक्ष दिले. बिस्मथ रासायनिक रीतीने शुद्ध करायचा, त्याचा स्फटिक घडवायचा, तो पुन्हा वितळवून पुन्हा घडवायचा, असा क्रम त्यांनी चिकाटीने चालवला. अशुद्धतेचा लवलेश जसजसा कमी होत गेला, तसतसे बिस्मथचे वर्तन अधिकाधिक चमत्कारिक भासू लागले. द्रवरूप हायड्रोजनच्या तापमानात, म्हणजे शून्याखाली सुमारे २५३ ते २५९ अंश सेल्सियसला, स्फटिक ठेवून त्यांनी चुंबकीय क्षेत्र हळूहळू सुमारे तीन टेस्लापर्यंत वाढवत नेले. आजच्या मोठ्या रुग्णालयांतील एमआरआय यंत्रात साधारण एवढेच क्षेत्र असते. रोध वाढत गेला, हे अपेक्षितच होते. परंतु तो सरळ वाढत गेला नाही. तो लाटांसारखा खालीवर होत वाढला. मापनातील चूक म्हणून एखाद्याने या लाटा सोडून दिल्या असत्या; शुब्निकोव्ह यांना मात्र आपल्या स्फटिकांची खात्री होती. १९३० मध्ये द हास यांच्यासह त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. त्यांनीच घडवलेल्या बिस्मथवर प्रयोग करून द हास आणि पीटर वान आल्फेन यांनी त्याच वर्षी चुंबकत्वातही तशाच लाटा शोधून काढल्या.

या लाटांचा अर्थ काय? चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन सरळ न जाता वर्तुळाकार फिरू लागतो. पुंज यांत्रिकीनुसार ही वर्तुळे वाटेल त्या आकाराची असू शकत नाहीत. जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे ठराविक ऊर्जेच्या कक्षाच त्याला उपलब्ध असतात. क्षेत्र वाढवले की या पायऱ्यांमधील अंतर वाढते आणि एकेक पायरी इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या पातळीच्या वर निघून जाते. प्रत्येक पायरी ही सीमा ओलांडताना रोधात एक चढउतार उमटतो. मात्र हे दिसण्यासाठी दोन अटी आहेत. एक म्हणजे तापमान इतके कमी हवे, की उष्णतेच्या हालचालीने पायऱ्या पुसल्या जाऊ नयेत. दुसरी म्हणजे स्फटिक इतका शुद्ध हवा, की इलेक्ट्रॉनला आपली फेरी पुरी करण्याआधी कोठेही धडक बसू नये. बिस्मथ निवडल्याचा लाभ येथेच झाला. तांब्यात जवळजवळ प्रत्येक अणूमागे एक वाहक इलेक्ट्रॉन असतो. बिस्मथमध्ये मात्र साधारण एक लाख अणूंमागे एकच. म्हणूनच त्याला अर्धधातू म्हणतात. इलेक्ट्रॉन थोडे, त्यामुळे पायऱ्याही मोजक्या आणि मोजता येण्याजोग्या.

योगायोग असा, की ऊर्जेच्या या पायऱ्यांचा सिद्धांत १९३० मध्येच लेव्ह लांडाऊ या बावीस वर्षांच्या रशियन तरुणाने मांडला होता. चुंबकीय गुणधर्मांत अशी आंदोलने असावीत, हेही त्याने ओळखले होते. पण ती प्रत्यक्षात दिसू शकणार नाहीत, असे त्याचे मत होते. लायडेनमध्ये ती त्याच वर्षी दिसली. दोन वर्षांनी हे दोन लेव्ह एकाच संस्थेत एकत्र आले आणि त्यांची गाढ मैत्री झाली.

ती संस्था होती खारकोव्ह, म्हणजे आजच्या युक्रेनमधील खारकीव्ह येथील युक्रेनियन भौतिकी-तांत्रिकी संस्था. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची सूत्रे ओब्रेइमोव्ह यांच्याकडे होती. लायडेनमध्ये राहण्याचा मोह शुब्निकोव्ह यांना पडला असता तर नवल नव्हते. पण १९३० मध्ये ते पत्नी ओल्गा त्रापेझ्निकोवा यांच्यासह मायदेशी परतले. ओल्गा या स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होत्या आणि लायडेनमध्येही त्यांच्यासमवेत होत्या. १९३१ मध्ये शुब्निकोव्ह यांच्याकडे अतिशीत प्रयोगशाळेची जबाबदारी आली. सोव्हिएत संघातील ही अशा प्रकारची पहिलीच प्रयोगशाळा होय. यंत्रे उभी करण्यापासून प्रारंभ होता. आधी हायड्रोजनचे आणि मग हेलियमचे द्रवरूप तेथे मिळू लागले.

त्यानंतरच्या सहा वर्षांत या प्रयोगशाळेतून जे काम बाहेर पडले, ते पाहिले की मन थक्क होते. अतिसंवाहक पदार्थ आपल्या अंतरंगातून चुंबकीय क्षेत्र संपूर्ण हुसकावून लावतो, हे जर्मनीत माइसनर यांनी दाखवले होते. रियाबिनिन आणि शुब्निकोव्ह यांनी १९३४ मध्ये शिशावर मोजमापे करून त्याला ठोस आधार दिला. ओल्गा आणि लेव्ह या दांपत्याने लोहाच्या क्लोराइडची विशिष्ट उष्णता मोजून एका नव्या प्रकारच्या चुंबकीय व्यवस्थेची चाहूल घेतली. आज तिला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. लाझारेव्ह यांच्यासह त्यांनी घनरूप हायड्रोजनमधील अणुकेंद्रांचे अतिक्षीण चुंबकत्व मोजले.

या साऱ्यांहून महत्त्वाचे ठरले ते १९३६-३७ मधील काम. शिशामध्ये थॅलियम वा इंडियम मिसळून केलेल्या मिश्रधातूंचे एकजिनसी स्फटिक त्यांनी घडवले. शुद्ध अतिसंवाहकात चुंबकीय क्षेत्र एका मर्यादेपर्यंत शिरत नाही आणि ती मर्यादा ओलांडताच अतिसंवाहकता नष्ट होते. या मिश्रधातूंत मात्र दोन मर्यादा आढळल्या. पहिल्या मर्यादेनंतर क्षेत्र आत झिरपू लागते, तरीही त्यापुढे बऱ्याच मोठ्या क्षेत्रापर्यंत अतिसंवाहकता कायम राहते. असे वर्तन केवळ मिश्रधातूतील दोषांमुळे घडते, अशी त्या काळची समजूत होती. शुब्निकोव्ह यांचे स्फटिक इतके चांगले होते, की हा पदार्थाचाच मूळ धर्म असल्याचे त्यांतून स्पष्ट झाले. त्याचे सैद्धांतिक स्पष्टीकरण लांडाऊ यांचे शिष्य आलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केले आणि २००३ चे नोबेल पारितोषिक मिळवले. आपल्या नोबेल व्याख्यानात त्यांनी शुब्निकोव्ह यांच्या प्रयोगांचा आवर्जून उल्लेख केला. एमआरआय यंत्रातील नायोबियम-टायटॅनियमच्या तारा याच दुसऱ्या प्रकारच्या अतिसंवाहकांच्या असतात. आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी त्या बोगद्यासारख्या यंत्रात पडून तपासणी करून घेतली असेल, त्या सर्वांवर खारकोव्हच्या त्या प्रयोगशाळेचे थोडेसे ऋण आहे.

१९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत खारकोव्ह हे युरोपातील नामवंत केंद्र बनले होते. १९३४ मध्ये नील्स बोर तेथे येऊन गेले. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून आलेले शास्त्रज्ञ तेथे काम करीत होते. परंतु वारे बदलू लागले होते. संस्थेने मूलभूत संशोधन करावे की लष्करी कामे करावीत, यावरून दोन तट पडले. परदेशात राहिलेले, परदेशी मित्र असलेले लोक संशयाच्या नजरेने पाहिले जाऊ लागले. १९३६ च्या अखेरीस लांडाऊ यांना खारकोव्ह विद्यापीठातील अध्यापनाच्या कामावरून दूर करण्यात आले. तेव्हा शुब्निकोव्ह आणि अन्य काही सहकाऱ्यांनी निषेध म्हणून विद्यापीठातील आपल्या पदांचे राजीनामे दिले. कोणत्याही स्वाभिमानी अध्यापकाने करावी अशी ती कृती. पण त्या काळी तिला सोव्हिएतविरोधी संप ठरवण्यात आले. लांडाऊ लवकरच मॉस्कोला कापित्सा यांच्या संस्थेत निघून गेले. शुब्निकोव्ह आपली प्रयोगशाळा सोडून गेले नाहीत.

६ ऑगस्ट १९३७ रोजी त्यांना अटक झाली. हेरगिरी, घातपात आणि प्रतिक्रांतिकारक गटात सहभाग असे आरोप ठेवले गेले. कोठडीत त्यांच्याकडून कबुलीजबाब घेण्यात आला. त्यात लांडाऊ यांचेही नाव गोवले गेले होते आणि पुढे लांडाऊंच्या अटकेच्या वेळी तो कागद वापरला गेला. त्या काळातील कबुलीजबाब कशा रीतीने मिळवले जात, हे आता सर्वज्ञात आहे. त्यावरून कोणा बंदिवानाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. खुल्या न्यायालयात खटला चाललाच नाही. १० नोव्हेंबर १९३७ रोजी शुब्निकोव्ह यांना गोळी घालण्यात आली. संस्थेतील लेव्ह रोझेन्केविच आणि वादिम गोर्स्की या सहकाऱ्यांचाही त्याच महिन्यात तसाच अंत झाला. पुढील वर्षी ओब्रेइमोव्ह तुरुंगात गेले. लांडाऊ यांना एप्रिल १९३८ मध्ये मॉस्कोत अटक झाली. कापित्सा यांनी वरिष्ठांना पत्रे लिहून, जामीन राहून एका वर्षाने त्यांची सुटका करवून आणली. शुब्निकोव्ह यांच्यासाठी असे काही करण्यास अवधीच मिळाला नाही. अटक आणि मृत्यू यांत अंतर होते अवघे तीन महिने.

अटकेनंतर ओल्गा यांच्या पोटी मुलगा जन्माला आला. पित्याने त्याला पाहिले नाही. ओल्गा मुलाला घेऊन लेनिनग्राडला परतल्या आणि तेथील विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. पतीचे काय झाले, हे त्यांना कळू दिले गेले नाही. १९५७ मध्ये शुब्निकोव्ह यांना अधिकृतरीत्या निर्दोष ठरवण्यात आले. पण मृत्यूचे वर्ष १९४५ असे सांगण्यात आले. तेच खोटे वर्ष ज्ञानकोशांतून आणि चरित्रलेखांतून छापले जाऊ लागले. सोव्हिएत राजवटीच्या अखेरच्या काळात कागदपत्रे खुली होऊ लागली, तेव्हा कोठे खरी तारीख बाहेर आली. ओल्गा यांना दीर्घायुष्य लाभले. सत्य कळले तेव्हा त्यांनी नव्वदी गाठली होती.

माणूस असा पुसून टाकला गेला. पण त्याचा आलेख पुसता आला नाही. या आंदोलनांच्या अंतरावरून पदार्थातील इलेक्ट्रॉनांच्या रचनेचा आकार काढता येतो, हे १९५२ मध्ये लार्स ऑन्सागर यांनी दाखवले आणि शुब्निकोव्ह यांच्या लाटा धातूंचे नकाशे काढण्याचे हत्यार बनल्या. पुढे असे ध्यानात आले, की लाटांची सुरुवात कोठून होते यातही एक गुपित दडलेले आहे. काही पदार्थांत इलेक्ट्रॉन असे वागतात, की जणू त्यांना वस्तुमानच नाही. प्रकाशकणांप्रमाणे त्यांची ऊर्जा संवेगाच्या सरळ प्रमाणात असते. अशा इलेक्ट्रॉनाने एक फेरी पूर्ण केली की त्याच्या तरंगात एक जादा वळण पडते आणि लाटांचा सारा आलेख अर्ध्या घराने सरकतो. २००५ मध्ये ग्राफीनच्या अभ्यासात हा सरकलेला आलेख ठळकपणे दिसला.

त्यानंतर अशाच इलेक्ट्रॉनांचे त्रिमितीय पदार्थ सापडू लागले. सोडियम-बिस्मथ आणि कॅडमियम-आर्सेनिक यांची संयुगे २०१४ मध्ये, तर टँटॅलम आर्सेनाइड २०१५ मध्ये पुढे आले. हेच ते टोपोलॉजिकल अर्धधातू. त्यांतील दोन ऊर्जापट्टे ज्या बिंदूंत एकमेकांना स्पर्श करतात, ते बिंदू दोरीला पडलेल्या गाठीसारखे असतात. पदार्थात किरकोळ फेरफार करून ते सुटत नाहीत. चुंबकीय क्षेत्रात त्यांचे वर्तन चकित करणारे आहे. टंगस्टन आणि टेल्युरियमच्या संयुगाचा रोध ६० टेस्लाच्या क्षेत्रात आणि निरपेक्ष शून्याच्या अर्धा अंश वर एक कोटी तीस लाख टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १ लाख ३० हजार पटींनी वाढल्याचे २०१४ मध्ये नोंदवले गेले आणि ही वाढ थांबण्याचे चिन्हही दिसले नाही. उलट, विद्युतप्रवाह आणि चुंबकीय क्षेत्र एकाच दिशेत ठेवले तर यांपैकी काही पदार्थांचा रोध वाढण्याऐवजी घटतो. डावखुरे आणि उजवे असे इलेक्ट्रॉनांचे दोन गट असतात आणि समांतर क्षेत्रांत एका गटातून दुसऱ्या गटात त्यांची गळती होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. १९८३ मध्ये वर्तवलेला हा परिणाम प्रिन्स्टन येथे २०१५ मध्ये सोडियम-बिस्मथच्या संयुगात दिसला. नमुन्यात प्रवाह असमान पसरला तरी असाच आभास होऊ शकतो, म्हणून या मोजमापांत फार सावधगिरी बाळगावी लागते.

शुब्निकोव्ह ज्या बिस्मथवर काम करीत होते, त्यातील काही इलेक्ट्रॉनही जवळजवळ अशाच वस्तुमानहीन जातीचे आहेत. बिस्मथच्या लाटा १९३० मध्येच इतक्या स्पष्ट दिसल्या, त्यामागे हेही एक कारण होते. त्या वेळी हे कोणालाच माहीत असणे शक्य नव्हते. कापित्सा यांना दिसलेल्या सरळ वाढीचे एक स्पष्टीकरण अब्रिकोसोव्ह यांनी १९९८ मध्ये अशाच इलेक्ट्रॉनांच्या आधारे दिले. सत्तर वर्षांपूर्वीची दोन रशियन तरुणांची निरीक्षणे अशी एका सूत्रात गुंफली गेली.

नवा अर्धधातू हाती आला की आजचा संशोधकही प्रथम स्फटिक शुद्ध आहे का, हे पाहतो. मग तो थंड करतो, चुंबकीय क्षेत्र वाढवतो आणि रोधात लाटा उमटतात का याची वाट पाहतो. लायडेनमध्ये शुब्निकोव्ह यांनी घालून दिलेला हाच क्रम आहे. त्यांच्या हातून आणखी काय घडले असते, याचा हिशेब मांडता येत नाही. सहा वर्षांत चार मोठे शोध ज्या प्रयोगशाळेने लावले, तिच्या प्रमुखाला पुढची तीस वर्षे मिळाली असती तर, एवढा प्रश्न मात्र मनात उरतो. राज्यकर्त्यांनी एका माणसाच्या मृत्यूची तारीख बदलली आणि ती कित्येक वर्षे खरी मानली गेली. त्याने मोजलेला बिस्मथचा रोध मात्र कोणालाही बदलता आला नाही. ज्याला शंका असेल, त्याने स्फटिक घ्यावा आणि स्वतः मोजून पाहावा.